गोळीची साक्ष आणि साक्षीची भाषा

१५ एप्रिल १९२० रोजी दुपारी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, साउथ ब्रेनट्री नावाच्या गावी, जोड्यांच्या एका कारखान्यातील कामगारांचा पगार घेऊन दोन माणसे रस्त्याने पायी चालली होती. एक खजिनदार फ्रेडरिक पार्मेंटर, दुसरा पहारेकरी अलेस्सांद्रो बेरार्देली. पेट्यांमध्ये पंधरा हजार सातशे शहात्तर डॉलर आणि वर काही सेंट होते. वाटेत दबा धरून बसलेल्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या आणि पेट्या घेऊन ते मोटारीतून पसार झाले. दोन्ही देहांतून मिळून सहा गोळ्या निघाल्या. बेरार्देलीच्या देहातील चार गोळ्यांच्या बुडाशी शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांनी सुईने रेघा ओढून अनुक्रम घातला. ज्या गोळीने बेरार्देलीचा प्राण गेला तिच्या बुडाशी तीन रेघा होत्या. पुढे ती ‘तिसरी गोळी’ म्हणूनच इतिहासाला ठाऊक झाली.

या तिसऱ्या गोळीने पुढे दोन माणसांना विजेच्या खुर्चीपर्यंत नेले, जगभर मोर्चे काढवले आणि न्यायालयात उभ्या राहणाऱ्या तज्ज्ञाच्या शब्दांना किती वजन द्यायचे हा प्रश्न असा काही विचारला की त्याचे उत्तर शंभर वर्षांनंतरही सुटलेले नाही. निकोला साको आणि बार्तोलोमेओ वान्झेत्ती या दोन इटालियन अराजकवाद्यांवरील खटल्याबद्दल राजकारणाच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले आहे. ती बाजू महत्त्वाचीच आहे; परंतु प्रस्तुत लेखात आम्हाला तिच्यापेक्षा अरुंद अशी एक वाट धरायची आहे. बंदुकीच्या नळीतून बाहेर पडलेले शिसे साक्ष देते असे आपण म्हणतो. मात्र शिशाला वाचा नसते, त्याच्या वतीने माणूस बोलतो. तो माणूस कोणत्या शब्दांत बोलला, आणि ऐकणाऱ्यांनी त्या शब्दांचा काय अर्थ घेतला, एवढाच आमचा विषय.

वाचकांच्या सोयीसाठी प्रथम या विद्येचे मूळ थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पिस्तुलाच्या किंवा रायफलच्या नळीच्या आतल्या अंगाला पिळदार चऱ्या कापलेल्या असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिची दिशा स्थिर राहते. नळीतून जाताना त्या चऱ्यांचा ठसा गोळीच्या अंगावर उमटतो. चऱ्या किती, किती रुंद, पीळ डावा की उजवा, हे कारखान्यानुसार ठरते. कोल्ट कंपनीच्या पिस्तुलांमध्ये सहा चऱ्या असत आणि त्यांचा पीळ डावा असे. इतर पुष्कळशा कंपन्यांचा तो उजवा असे. यांना आपण जातिलक्षणे म्हणू. पण चऱ्या कापणारे हत्यार प्रत्येक वेळी थोडे झिजते, धातूचा बारीकसा कण त्याच्या धारेत अडकतो, आणि नळीच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे राहतात. पुढे वापराने, गंजाने, साफसफाईने त्यांत भर पडते. ही झाली व्यक्तिलक्षणे. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवरही असेच ठसे उठतात: फायरिंग पिनचा खळगा, नळीच्या मागील पोलादी तोंडावर पुंगळी आपटल्याची छाप, पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचा ओरखडा. कुलूप उचकटणाऱ्या पहारीची किंवा तार तोडणाऱ्या पकडीची परीक्षा याच तत्त्वावर चालते. कठीण वस्तू मऊ वस्तूवर आपली खूण ठेवते, आणि म्हणून बंदूक हेही या शास्त्राच्या दृष्टीने एक हत्यारच, फक्त खूण उमटवण्याची तिची रीत वेगळी.

आपल्याकडील न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे सगळा भार व्याप्तीवर आहे. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान टिकते ते धूर अग्नीविना नसतो या खात्रीमुळे. तशीच खात्री येथे हवी: हे ओरखडे या एका नळीविना उमटूच शकत नाहीत. ती खात्री नसेल तर अनुमानात अतिव्याप्तीचा दोष शिरतो. एकाच हत्याराने लागोपाठ कापलेल्या नळ्यांमध्ये त्या हत्याराच्या धारेतला दोष सारखाच उतरू शकतो, आणि मग जे व्यक्तिलक्षण वाटत होते ते वस्तुतः चार-सहा भावंडांचे सामाईक लक्षण निघते. जाति आणि व्यक्ती यांच्या मधली ही चिंचोळी जागा हेच या विद्येचे खरे रणक्षेत्र आहे.

साको-वान्झेत्ती खटल्याच्या पाच वर्षे आधीची एक हकीकत येथे सांगायलाच हवी, कारण तिच्यातील एक पात्र पुढे पुन्हा भेटणार आहे. मार्च १९१५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील वेस्ट शेल्बी या खेड्यात चार्ल्स फेल्प्स नावाचा वृद्ध शेतकरी आणि त्याचे घर सांभाळणारी मार्गारेट वोल्कॉट यांचा गोळ्या घालून खून झाला. गोळ्या पॉइंट बावीसच्या. समोरच राहणारा शेतमजूर चार्ल्स स्टीलो याच्याकडे त्याच मापाचे रिव्हॉल्व्हर होते, आणि प्रथम त्याने ते लपवलेही होते. जर्मन वंशाचा, निरक्षर असा हा माणूस. त्याच्या नावावर एक कबुलीजबाब तयार झाला. त्यातले शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले नव्हते. पण शिक्षेला बळ मिळाले ते अल्बर्ट हॅमिल्टन नावाच्या तज्ज्ञाच्या साक्षीने. हे गृहस्थ औषधविक्रीच्या व्यवसायातून आलेले, पदवी नसताना नावामागे ‘डॉक्टर’ लावणारे. त्यांनी शपथेवर सांगितले की रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या तोंडाशी नऊ बारीक दोष आहेत आणि खुनी गोळ्यांवरचे नऊ ओरखडे त्यांच्याशी तंतोतंत जुळतात. छायाचित्रांत ते ओरखडे दिसत नव्हते. ते पाहायला तज्ज्ञाचीच नजर हवी, असा एकूण आविर्भाव. ज्यूरीने त्या नजरेवर विश्वास ठेवला आणि स्टीलोला मृत्युदंड झाला.

त्याच्या मृत्यूची तारीख अनेकदा ठरली आणि अनेकदा पुढे गेली. एकदा तर स्थगितीचा हुकूम पोचला तेव्हा ठरल्या वेळेला तासाभराचाही अवकाश उरला नव्हता. दुसऱ्याच कोणी गुन्ह्याची कबुली दिल्यावर राज्यपाल चार्ल्स व्हिटमन यांनी १९१६ च्या डिसेंबरात मृत्युदंडाची जन्मठेप केली आणि नव्याने चौकशी सुरू केली. त्या चौकशीत चार्ल्स वेट नावाचा एक अधिकारी होता. रिव्हॉल्व्हरमधून नव्याने गोळ्या झाडण्यात आल्या आणि रोचेस्टर येथील बॉश अँड लोम्ब या भिंगे बनवणाऱ्या कंपनीतील मॅक्स पोझर यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हॅमिल्टन यांचे नऊ ओरखडे कोठेच नव्हते. उलट खुनी गोळ्यांवर चऱ्या कापण्यातील एका ठळक दोषाची खूण होती आणि स्टीलोच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो दोष मुळीच नव्हता. १९१८ मध्ये स्टीलो सुटला.

या प्रकरणातून वेट यांनी जो धडा घेतला त्यातून एक शास्त्र उभे राहिले. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बंदुका बनवणाऱ्यांकडून त्यांनी चऱ्यांची संख्या, रुंदी, पीळ यांची माहिती गोळा करण्याचा ध्यास घेतला. १९२५ मध्ये न्यू यॉर्क येथे त्यांनी, सैन्यातील वैद्यक अधिकारी कॅल्विन गॉडर्ड, सूक्ष्मदर्शकाचे जाणकार फिलिप ग्रॅव्हेल आणि जॉन फिशर यांनी मिळून या परीक्षेसाठी खास संस्था काढली. ग्रॅव्हेल यांनी दोन सूक्ष्मदर्शक एका पुलाने जोडले, आणि एकाच नेत्रभिंगातून अर्ध्या वर्तुळात एक गोळी आणि उरलेल्या अर्ध्यात दुसरी गोळी पाहता येऊ लागली. आधी एक गोळी पाहून, ती मनात धरून, मग दुसरी पाहावी लागे. आता दोन्ही शेजारी शेजारी आल्या आणि मधल्या रेषेवर ओरखड्याला ओरखडा जुळतो का हे एका नजरेत दिसू लागले. स्मरणशक्तीवरचा भार उतरला. निर्णयाचा भार मात्र पाहणाऱ्यावरच राहिला.

आता मूळ खटल्याकडे वळू. साको आणि वान्झेत्ती यांना ५ मे १९२० रोजी अटक झाली तेव्हा साकोजवळ पॉइंट बत्तीसचे कोल्ट पिस्तूल सापडले. सहा गोळ्यांपैकी पाचांवर उजव्या पिळाच्या खुणा होत्या. डाव्या पिळाची गोळी एकच, तिसरी. म्हणजे ती कोल्ट पिस्तुलातून सुटली असण्याचा संभव मोठा. पण तशी पिस्तुले असंख्य होती. जातिलक्षण जुळले होते. प्रश्न व्यक्तीचा होता.

१९२१ च्या उन्हाळ्यात डेडॅम येथील न्यायालयात चार तज्ज्ञ उभे राहिले, दोन सरकारपक्षाचे आणि दोन बचावपक्षाचे. सरकारपक्षाचे चार्ल्स व्हॅन ॲम्बर्ग म्हणाले की तिसरी गोळी या पिस्तुलातून झाडली गेली असे मानण्याकडे आपला कल आहे. बचावपक्षाच्या दोघांनी साफ नकार दिला. आणि राज्य पोलिसांचे कॅप्टन विल्यम प्रॉक्टर यांना सरकारी वकिलांनी त्यांचे मत विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की त्या पिस्तुलातून ती झाडली गेली असण्याशी ही गोळी सुसंगत आहे.

सुसंगत. वाचकांनी या शब्दापाशी क्षणभर थांबावे. त्याचा शब्दशः अर्थ एवढाच की विरोध दिसत नाही. अंगणात ओली पावले दिसली तर ती घरच्या माणसाची असण्याशी सुसंगत आहेत, शेजाऱ्याची असण्याशीही सुसंगत आहेत. पण न्यायालयाच्या दालनात, मृत माणसाच्या देहातून निघालेली गोळी टेबलावर असताना, पांढऱ्या केसांचा एक पोलीस अधिकारी तो शब्द उच्चारतो तेव्हा तो एवढ्याच अर्थाने ऐकला जात नाही. न्यायाधीश वेबस्टर थेअर यांनी ज्यूरीला प्रकरण समजावताना प्रॉक्टर आणि व्हॅन ॲम्बर्ग या दोघांची नावे एकत्र घेतली आणि प्राणघातक गोळी साकोच्या पिस्तुलातून सुटली असा पुरावा म्हणून त्यांची साक्ष मांडली. बचावपक्षाच्या वकिलांनी उलटतपासणीत प्रॉक्टर यांना तो शब्द उलगडून सांगायला लावले नाही. १४ जुलै १९२१ रोजी दोघेही दोषी ठरले.

दोन वर्षांनी, १९२३ मध्ये, प्रॉक्टर यांनी एक प्रतिज्ञापत्र केले. त्याचा मथितार्थ असा: ही गोळी याच पिस्तुलातून सुटली असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा आपल्याला कधीच सापडला नाही, हे आपण सरकारी वकिलांना वारंवार सांगितले होते, साक्षीच्या वेळी प्रश्न कसा विचारायचा हे आधी ठरले होते, आणि तोच प्रश्न सरळ विचारला गेला असता तर आपण नकारार्थी उत्तर दिले असते. सरकारी वकील फ्रेडरिक कॅट्झमन यांनी आपल्या उत्तरात प्रॉक्टर यांच्या ‘वारंवार’ या शब्दावर आक्षेप घेतला. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी १९२७ मध्ये या प्रसंगावर कडाडून टीका केली. परंतु फेरविचाराचे अर्ज थेअर यांनी १९२४ मध्येच फेटाळले होते, आणि प्रॉक्टर त्याआधीच मरण पावले होते.

आम्हाला हा प्रसंग वारंवार अस्वस्थ करतो तो यासाठी की येथे खोटे असे कोणीच बोललेले नाही. प्रॉक्टर यांचे वाक्य अक्षरशः खरे होते. खोटेपणा शब्दात नव्हता. बोलणाऱ्याच्या अर्थात आणि ऐकणाऱ्याच्या अर्थात जे अंतर होते त्यात तो शिरला, आणि ते अंतर मिटवण्याचे कर्तव्य ज्यांचे होते त्यांतल्या एकालाही तेव्हा ते निकडीचे वाटले नाही.

याच फेरविचाराच्या काळात हॅमिल्टन पुन्हा रंगमंचावर येतात, या वेळी बचावपक्षाचे तज्ज्ञ म्हणून. स्टीलो प्रकरणात उघडे पडल्यावरही त्यांचा व्यवसाय चालूच होता. १९२३ मध्ये न्यायाधीशांसमोर त्यांनी साकोच्या पिस्तुलाबरोबर स्वतः आणलेली दोन नवी कोल्ट पिस्तुले उघडून दाखवली. ती परत नेण्यास न्यायाधीशांनी मनाई केली. काही महिन्यांनी असे आढळले की साकोच्या पिस्तुलाला चकचकीत नवी नळी बसलेली आहे आणि जुनी, गंजलेली नळी नव्या पिस्तुलात आहे. चौकशी झाली, नळी पूर्ववत बसवण्याचा हुकूम निघाला, दोष मात्र अधिकृतपणे कोणाच्याही माथी मारला गेला नाही. एखाद्या प्रहसनात शोभावा असा हा प्रसंग. पण त्याच्या पलीकडे दोन माणसे तुरुंगात बसलेली होती, आणि त्यांच्या खटल्यातील एक महत्त्वाचा भौतिक पुरावा असा हातोहात फिरत होता.

जून १९२७ मध्ये गॉडर्ड आपला जोडसूक्ष्मदर्शक घेऊन डेडॅम येथे आले. त्यांचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता: तिसरी गोळी आणि जागेवर सापडलेली एक पुंगळी साकोच्याच पिस्तुलातली. २३ ऑगस्ट १९२७ रोजी साको आणि वान्झेत्ती यांना मृत्युदंड देण्यात आला. १९६१ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांनी तीच गोळी आणि तेच पिस्तूल तपासले. दोन्ही वेळा गॉडर्ड यांचाच निष्कर्ष आला. १९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल मायकेल डुकाकिस यांनी खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता असे जाहीर केले. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे. गोळी जुळते, आणि तरीही खटला अन्यायाचा असू शकतो.

त्याहून सूक्ष्म प्रश्न आणखी एक आहे. बेरार्देलीवर एकाच माणसाने गोळ्या झाडल्या असे प्रत्यक्षदर्शी सांगत होते, मग चारांपैकी एकच गोळी वेगळ्या पिस्तुलाची कशी? यातून गोळी बदलली गेल्याचा संशय काही अभ्यासकांनी घेतला. तो सिद्ध झालेला नाही. पण तो दूर करणे सूक्ष्मदर्शकाच्या शक्तीबाहेरचे आहे हे ध्यानात घ्यावे. यंत्र सांगते ते त्याच्या भिंगाखाली ठेवलेल्या दोन वस्तूंविषयी. त्यांतली एक वस्तू खरोखरच त्या देहातून निघाली होती की नाही, हे सांगते ते पंचनाम्याचे कागद, मोहोरबंद पाकीट, मुद्देमालाच्या नोंदवहीतील सही. शास्त्राची सगळी इमारत शेवटी एका कारकुनाच्या सचोटीवर उभी असते.

गॉडर्ड यांची कीर्ती त्यानंतर वाढत गेली. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांची हत्या झाली तेव्हा मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचे गणवेश होते, त्यामुळे पोलिसांवरच संशय होता. गॉडर्ड यांनी दाखवून दिले की गोळ्या दोन थॉम्सन बंदुकांतून सुटल्या आणि पोलिसांच्या बंदुका त्यांत नाहीत. वर्षअखेरीस मिशिगनमध्ये एका घरात सापडलेल्या दोन बंदुका त्यांच्याशी जुळल्या. हत्यारांच्या खुणांचा कदाचित सर्वांत प्रसिद्ध दाखला त्याच्या काही वर्षे पुढचा आहे. लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणात वापरलेली शिडी आर्थर केलर या लाकूडतज्ज्ञांनी तपासली. फळीवरच्या रंध्याच्या लाटा मोजून त्यांनी सांगितले की ती ज्या यंत्रावर रंधली गेली त्याला वरच्या अंगास आठ आणि कडेच्या अंगास सहा पाती असली पाहिजेत. त्या धाग्यावरून ते साउथ कॅरोलिनातील एका गिरणीपर्यंत आणि तेथून न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधील एका लाकडाच्या वखारीपर्यंत पोचले. संशयित त्याच भागात राहत होता. केलर यांच्या त्या शोधाचे वैशिष्ट्य आम्हाला असे वाटते की त्यात त्यांनी मोजले, गिरण्यांना पत्रे लिहिली, नमुने मागवले, आणि प्रत्येक पायरी दुसऱ्याला पडताळता येईल अशी ठेवली. हॅमिल्टन म्हणत, मला दिसते. केलर म्हणत, मोजून पाहा. या दोन वाक्यांमधले अंतर हेच या विद्येच्या शंभर वर्षांचे अंतर आहे, आणि ते अद्याप पुरते कापले गेलेले नाही.

कापले गेलेले नाही याची साक्ष अँथनी रे हिंटन यांची. १९८५ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात उपाहारगृहांच्या दोन व्यवस्थापकांचे खून झाले, तिसरा बचावला. हिंटन यांच्या आईच्या घरातील जुने रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या यांचा मेळ हाच त्यांच्याविरुद्धचा गाभ्याचा पुरावा. तज्ज्ञ नेमायला फक्त हजार डॉलर मिळू शकतात अशी त्यांच्या वकिलांची चुकीची समजूत होती, म्हणून जो परवडला तो तज्ज्ञ उभा केला. त्याला एकच डोळा होता आणि उलटतपासणीत त्याची दैना झाली. हिंटन यांना मृत्युदंड झाला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची ती चूक गंभीर ठरवली. नव्या तपासणीत सरकारच्या तज्ज्ञांनाही मेळ सिद्ध करता आला नाही. ३ एप्रिल २०१५ रोजी, जवळजवळ तीस वर्षांनी, हिंटन बाहेर आले. स्टीलो तीन वर्षांत सुटला होता. म्हणजे मधल्या सत्तर वर्षांत यंत्रे सुधारली, आणि चूक दुरुस्त व्हायला लागणारा काळ दसपट झाला.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न गेल्या काही वर्षांत नेटाने हाती घेतला. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने आणि २०१६ मध्ये अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने विचारले: ‘पुरेसे साम्य’ म्हणजे किती? ते कोणी ठरवले? आणि तज्ज्ञ किती वेळा चुकतात हे कोणी मोजले आहे का? २०१६ च्या अहवालाने योग्य पद्धतीचा म्हणून एकच अभ्यास मान्य केला. त्यात वेगवेगळ्या पिस्तुलांतल्या पुंगळ्यांच्या २१८० तुलना तज्ज्ञांसमोर आल्या. २२ वेळा त्यांनी चुकून त्या एकाच पिस्तुलातल्या ठरवल्या. म्हणजे शंभरात एक. परंतु ७३५ तुलनांमध्ये त्यांनी ‘निर्णय देता येत नाही’ असे म्हटले होते. त्या वगळून हिशेब केला तर चूक सहासष्टात एक होते. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर बरोबर धरायचे, चूक धरायचे, की हिशेबातच घ्यायचे नाही, यावर आकडा बदलतो. आणि यावर वाद अजून चालू आहे. एका शब्दाच्या अर्थावर माणसाचे आयुष्य तोलले जाण्याची गोष्ट १९२१ मध्येच संपली असे म्हणणाऱ्याने हा वाद जरूर अभ्यासावा.

आणि मग २०२३ मध्ये एक वर्तुळ पूर्ण झाले. मेरीलंड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अब्रुक्वा खटल्यात चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की गोळी याच बंदुकीतून सुटली असे बिनशर्त मत तज्ज्ञाला देऊ देणे चूक होते. उपलब्ध अभ्यासांचा आधार कुठवर पोचतो? तर, गोळीवरच्या खुणा त्या बंदुकीतून झाडलेल्या गोळ्यांवरील खुणांशी सुसंगत आहेत किंवा विसंगत आहेत, एवढे म्हणण्यापर्यंत. ज्या शब्दाने डेडॅमच्या ज्यूरीची दिशाभूल केली, तोच शब्द एकशे दोन वर्षांनी सर्वांत प्रामाणिक शब्द म्हणून परत आला. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की आता त्याची मर्यादा न्यायालयानेच उघड बोलून दाखवली होती. शब्द निर्दोष किंवा सदोष नसतो; त्याच्याभोवती मौन आहे की स्पष्टीकरण, यावर त्याची सचोटी ठरते.

हे सगळे परदेशातले म्हणून मराठी वाचकाने अलिप्तपणे वाचावे अशी परिस्थिती नाही. साकोच्या पिस्तुलाचे पॉइंट बत्तीस हे माप मिलिमीटरमध्ये ७.६५ होते, आणि तो आकडा महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने गेल्या दशकात पुष्कळदा वाचला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे, त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूमध्ये गौरी लंकेश यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. या हत्यांमागे एकच पिस्तूल होते का, किती पिस्तुले होती, हा तपासातला कळीचा प्रश्न झाला. कलबुर्गी आणि लंकेश यांच्या हत्येत एकच गावठी पिस्तूल वापरले गेल्याचे कर्नाटकातील प्रयोगशाळेने सांगितले. पण त्याआधी, २०१६ मध्ये, मुंबई आणि बेंगळुरू येथील प्रयोगशाळांच्या मतांत मेळ नसल्याने स्कॉटलंड यार्डचे मत मागवत असल्याचे सीबीआयने मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले होते. ते मिळण्याची चिन्हे न दिसल्याने पुरावा गुजरातमधील प्रयोगशाळेकडे गेला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकर खटल्यात दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले.

गावठी पिस्तूल हा या विद्येपुढचा अवघड पेपर आहे. कारखान्यातील नळीचे माप, पीळ, चऱ्या यांची नोंद असते. गावठी हत्याराची जातच नसते. नळी कधी गुळगुळीत, कधी गोळीहून सैल; त्यामुळे एकाच पिस्तुलातून लागोपाठ सुटलेल्या दोन गोळ्यांवरही वेगळे ओरखडे येऊ शकतात. अशा वेळी पुंगळीवरचे ठसे अधिक बोलके ठरतात. दोन प्रयोगशाळांनी दोन मते दिली यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटावी ती मतभेदाचे कारण, पद्धत आणि चुकीची शक्यता लोकांसमोर मांडण्याची आपल्याला सवय नाही याची.

भारतीय कायद्याने या बाबतीत मोठे शहाणपण दाखवले आहे असे आम्हाला वाटते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमाने आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमाने तज्ज्ञाच्या म्हणण्याला ‘मत’ म्हटले आहे. मत, म्हणजे ज्याला कारणे द्यावी लागतात आणि ज्याच्याशी असहमत होता येते. पण दुसरीकडे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचण्याची मुभा दिली आहे. न्यायालयाला वाटले तरच तज्ज्ञाला पाचारण करता येते. प्रयोगशाळांवरचा भार पाहता ही सोय समजण्यासारखी आहे. तथापि जेथे तज्ज्ञ समोर उभाच राहत नाही तेथे त्याला ‘सुसंगत म्हणजे काय हो?’ असे विचारणार कोण? डेडॅममध्ये प्रॉक्टर निदान समोर तरी होते. त्यांना तो प्रश्न विचारला गेला नाही, हा दोष विचारणाऱ्यांचा होता.

तिसऱ्या गोळीच्या बुडाशी डॉक्टरांनी सुईने ओढलेल्या त्या तीन रेघा आम्हाला राहून राहून आठवतात. त्या गोळीवरच्या सगळ्या खुणांपैकी कोणी कधी वाद घातला नाही अशा एवढ्याच असतील, असे आधी वाटते. मग लक्षात येते की गोळी बदलल्याचा संशय घेणाऱ्यांनी याही रेघा इतर गोळ्यांवरच्या रेघांशी ताडून पाहिल्या. माणसाने मुद्दाम केलेली खूणही शेवटी वाचावीच लागते. नळीने अजाणता केलेल्या खुणा तर त्याहून कितीतरी अस्पष्ट. त्या वाचणाऱ्याने आपल्याला काय दिसले, किती स्पष्ट दिसले आणि कोठे दिसेनासे झाले, हे तिन्ही सांगावे, आणि ऐकणाऱ्याने तिन्ही विचारावे. स्टीलो, साको, वान्झेत्ती, हिंटन यांच्या खटल्यांत जे घडले त्याचा बराचसा भाग या एका अपेक्षेच्या अभावी घडला.

कोणत्याही खटल्यात ‘गोळी जुळली’ ही बातमी आपण वाचतो तेव्हा आपला जीव भांड्यात पडतो. तो पडण्याआधी, कशाशी जुळली, किती जुळली आणि न जुळण्याचा संभव किती, एवढे विचारण्याचे कष्ट आपण घ्यायला हवेत. ज्यांचे मारेकरी सापडावेत अशी आपली तळमळ आहे, त्यांच्यासाठी तर ते अधिकच घ्यायला हवेत; कारण चुकीच्या माणसाशी जुळलेली गोळी खऱ्या मारेकऱ्याला कायमचे मोकळे सोडते.